सत्र संपवणाऱ्याचे खडे बोल

मी एक जुना टाइमआउट आहे, मित्रांनो. झालं, मुरडलंत ना नाक? मुरडा, मुरडा. संगणकावर काहीतरी लिहिता लिहिता तुम्ही उठून जाता, परत येता, बटण दाबता आणि समोर पाटी येते, ‘तुमचे सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.’ मग तुमच्या तोंडून जे काही निघतं ते सगळं माझ्या वाट्याला येतं. मेल्या, मुडद्या, फालतू, भंगार. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी असे शब्द ऐकले आहेत की तुमच्यासमोर सांगायची सोय नाही. आजवर मी चकार शब्द काढला नाही. पण आज मी बोलणार आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती उगाच गेलेली नाही.

आधी माझं काम समजून घ्या. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकून आत आलात की तुमचं सत्र सुरू होतं. तुम्ही माऊस हलवला, एखादं अक्षर टाइप केलं, की मला कळतं, माणूस जागेवर आहे. बराच वेळ काहीच हललं नाही की मी समजतो, माणूस गेला. मग मी दार लावून घेतो. का लावतो? कारण तुमच्या मागे त्या खुर्चीत कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. आपण घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावतो ना? तेवढंच. यात शिव्या देण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या संगणक विभागात झाला. मला लिहिलं ते एका ताईने. तिची मान सदा दुखायची, म्हणून ती गळ्याला पट्टा लावून काम करायची. मान वळवता येत नसल्यामुळे कुणी हाक मारली की ती खुर्चीसकट वळायची. मोठी गुणी बाई. मला लिहिण्याआधी ती वॉर्डात जाऊन अर्धा दिवस नुसती उभी राहिली. सिस्टर कशा लिहितात, लिहिता लिहिता किती वेळा उठतात, हे तिने पाहिलं. परत येऊन ती आपल्या साहेबांना म्हणाली, “सर, यांना सलग बसून लिहायला मिळतच नाही. दार लावायच्या आधी एकदा विचारू या, ‘अजून आहात ना?’ म्हणून. आणि लिहिलेलं अर्धंमुर्धं आपोआप जपून ठेवू या. परत लॉगिन केलं की माणूस होता तिथेच यायला हवा.”

या साहेबांना सगळा विभाग पाठीमागे ‘नंतरराव’ म्हणायचा. कारण विचारूच नका.

“छान कल्पना आहे,” नंतरराव म्हणाले. “नंतर करू. आता पंधरा मिनिटं टाक आणि पुढे चल.”

“पंधराच का, सर?”

“सगळीकडे पंधराच असतात.”

ऐकलंत? सगळीकडे पंधराच असतात! माझ्या आयुष्याचा निकाल एवढ्या एका वाक्यात लागला. बँकेत काय, शाळेत काय, इस्पितळात काय, सगळ्यांना एकच माप. टोपी शिवतानासुद्धा शिंपी डोकं मोजतो हो! ताईने दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा दिली, मग तिच्यावर दुसरं काम आलं. मला न डोळे दिले, न तोंड. माणूस जाणार हे मला दिसत नव्हतं आणि मी दार लावतोय हे मला ओरडून सांगता येत नव्हतं. अशा अवस्थेत मला उचलून मुलांच्या वॉर्डात आणि शेजारच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात एकदम कामाला जुंपलं.

दोन्ही वॉर्डांच्या मधोमध एक टेबल होतं. त्यावर एकच संगणक, एक टेबलफॅन, एक कायम डुगडुगणारी खुर्ची. या एका संगणकावर दोन्हीकडच्या सिस्टर लिहायच्या. त्यात इस्पितळाने नवा नियम काढला होता, तोंडी चार्ज बंद. म्हणजे पूर्वी एक सिस्टर घरी जाताना दुसरीला खाटेखाटेपाशी नेऊन सांगायची, याला ताप आहे, त्याला जेवण नको, हिच्यावर लक्ष ठेव. आता तसं नाही. जे सांगायचं ते संगणकावर लिहायचं आणि घरी जायचं. येणारीने पडद्यावर वाचायचं आणि कामाला लागायचं. भिंतीवर पाटीच लावली होती, ‘पडद्यावर नाही, म्हणजे केलेलं नाही.’ ही पाटी नंतररावांनी स्वतः छापून आणली होती आणि तिच्या चारही कोपऱ्यांना स्वतः चिकटपट्टी लावली होती.

माझं कौतुक एकदाच व्हायला हवं होतं, तेही झालं नाही. एका दुपारी एक सद्गृहस्थ आजारी भावाला भेटायला आले. भाऊ झोपलेला. टेबलाशी कुणी नाही असं पाहून हे महाशय खुर्चीत बसले. समोरच्या खाटेवर त्यांच्याच कचेरीतला एक माणूस होता, त्याला नेमकं काय झालंय ते यांना जाणून घ्यायचं होतं. उद्या कचेरीत सांगायला विषय नको का? त्यांनी ऐटीत माऊस धरला. पण मी दार केव्हाच लावलं होतं. पाटी आली. “काय भंगार कॉम्प्युटर आहे,” असं म्हणून महाशय उठले. एका माणसाची लाज राखली मी त्या दिवशी. त्याला पत्ता नाही, कुणालाच पत्ता नाही. वर मी भंगार.

सिस्टरांचा माझ्यावर राग होता आणि तो खरा होता, हे मी मानतो. पण तो राग माझ्यावर का? त्यातली एक सिस्टर तर इतकी धावायची की तिला सगळे भिंगरी म्हणायचे. डॉक्टरसुद्धा. दोन ओळी लिहिल्या की कुणीतरी हाक मारायचं आणि भिंगरी गेलीच. सलाईन संपलं, पळ. पोरगं खाटेवरून उतरलं, पळ. आजींना उलटी झाली, पळ. परत येऊन बटण दाबावं तर लिहिलेलं सगळं गायब. तेच पुन्हा लिहायचं. एकदा तिने एकच नोंद चार वेळा लिहिली आणि चौथ्या वेळी टेबलावर डोकं टेकून म्हणाली, “याच्या नानाची टांग!” माझ्या नानाची, म्हणजे नंतररावांचीच म्हणायला हवी. मला ती शिवी फारशी लागली नाही.

मग वॉर्डातल्या मामांनी शक्कल लढवली. मामा म्हणजे वॉर्डातले सगळ्यात जुने अटेंडंट. खाटा हलवायच्या, चादरी बदलायच्या, रडणारी पोरं हसवायची, हे त्यांचं काम. त्यांनी बँडेजची एक लांब पट्टी घेतली, एक टोक माऊसला बांधलं, दुसरं टेबलफॅनच्या जाळीला. पंखा डावीकडे मान वळवायचा, माऊस डावीकडे सरकायचा. पंखा उजवीकडे, माऊस उजवीकडे. दिवसभर. मला वाटायचं, माणूस बसलाय. माणूस कसला, पंखा!

“बघा सिस्टर,” मामा छाती फुगवून म्हणाले, “आता हा बंद होतोय का ते बघाच.”

“मामा, तुम्हाला इंजिनीअर करायला हवं होतं,” भिंगरी म्हणाली आणि तिने त्यांना स्वतःच्या डब्यातला मोठा घास काढून दिला.

मित्रांनो, या पंख्याला हसू नका. हसलात ना? मला मात्र आजही चीड येते. सकाळी जी सिस्टर पहिली येईल तिच्या नावाने दार उघडायचं आणि दिवसभर उघडंच राहायचं. येणारा-जाणारा बसून लिहू शकत होता. त्या कचेरीवाल्या महाशयांना आता रान मोकळं होतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आपण लिहिलेलं जाऊ शकतं, ही धास्तीच सिस्टरांच्या मनातून गेली. पूर्वी त्या लिहून झाल्यावर पुन्हा उघडून पाहायच्या. आता पंखा फिरतोय ना, मग बास.

हे संगणक विभागाला माहीत नव्हतं असं नाही. कुणीतरी येऊन पाहून गेलं, फोटो काढला, विभागात सगळे पोट धरून हसले. फक्त ताई हसली नाही. ती खुर्चीसकट नंतररावांकडे वळली आणि म्हणाली, “सर, लोक पंख्याला माऊस बांधतायत. आपलं काहीतरी चुकतंय.”

“बघू नंतर,” नंतरराव म्हणाले.

आणि मग तो दिवस आला.

खिडकीजवळच्या खाटेवर एक चार वर्षांची पोर होती. तापाने फणफणलेली. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. दुकान बंद ठेवून पोरीच्या उशाशी बसलेली. पोरीला सकाळी नवं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात तिच्या मानेवर, पोटावर लाल चट्टे उठले. भिंगरीने ते पाहिलं. तिने लगेच ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरांना फोन लावला.

“बंद करा ते,” डॉक्टर म्हणाले. “अजिबात देऊ नका. तशी नोंद टाका, मी ऑपरेशनमधून बाहेर आलो की दुसरं लिहून देतो.”

भिंगरीने आईला समजावून सांगितलं, “हे इंजेक्शन हिला चालत नाही. पुन्हा देणार नाही, घाबरू नका.” मग ती टेबलाशी आली आणि लिहायला बसली. चट्टे केव्हा उठले, कुठे उठले, डॉक्टर काय म्हणाले. सगळं नीट, तपशीलवार. शेवटचं वाक्य व्हायचं होतं, तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या वॉर्डातून आरडाओरडा झाला. एका आजोबांना जेवताना ठसका लागला होता आणि त्यांचा श्वास अडकला होता. भिंगरी धावली.

इकडे पोरीला उकडत होतं. आईने मामांना विचारलं, “मामा, जरा वारा मिळेल का हो हिला?” मामांचा जीव मऊ. त्यांनी बँडेज सोडलं आणि पंखा उचलून खिडकीजवळ नेला. त्या लेकराला वारा द्यायला पंखा गेला आणि त्याच लेकराची नोंद उघड्यावर पडली, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! माऊस थांबला. मी वाट पाहिली. ‘अजून आहात ना?’ असं विचारायला मला तोंडच दिलेलं नव्हतं. पंधरा मिनिटं झाली. मी दार लावलं.

आणि पडद्यावर काय दिसत होतं? काहीच फरक नाही! भिंगरीचा मजकूर जसाच्या तसा. दार आतून बंद, पण बाहेरून बघणाऱ्याला उघडंच दिसतंय. असला आंधळा कारभार माझ्या माथी मारलेला. आजोबांना वाचवून भिंगरी घामाघूम होऊन परत आली, शेवटचं वाक्य पुरं केलं, जतन करायचं बटण दाबलं. माझी पाटी आली. तिने नाव-पासवर्ड टाकलं. सुरुवातीचं पान, म्हणजे मुखपृष्ठ आलं. आता गंमत बघा, नोंद नीट जतन झाली तरी मुखपृष्ठच यायचं आणि नोंद कचऱ्यात गेली तरी मुखपृष्ठच यायचं. पंख्याच्या भरवशावर उघडून पाहायची सवय सुटलेली, त्यात धावपळीने डोकं ठिकाणावर नव्हतं; तिला वाटलं, झालं काम. ड्युटी संपली होती. नियमाप्रमाणे तोंडी काही न सांगता ती घरी गेली. तिच्या घरी तिचं स्वतःचं तान्हं वाट पाहत होतं.

पुढच्या ड्युटीची सिस्टर आली. कडक बाई. नियम म्हणजे नियम. तिने पडद्यावर पाहिलं, सकाळचंच इंजेक्शन आता पुन्हा द्यायचं होतं. तिने ते भरलं आणि ती खिडकीजवळ आली.

आई उठून उभी राहिली. “हे ते सकाळचंच आहे का?”

“हो.”

“ते द्यायचं नाहीये. आधीच्या सिस्टर म्हणाल्या तसं.”

“पडद्यावर तसं काही नाही,” कडक सिस्टर म्हणाली. “उलट द्यायची वेळ झाली आहे. बाजूला व्हा बघू.”

“तिच्या अंगावर चट्टे आले होते हो सकाळी!”

“आता कुठे आहेत?” चट्टे तोवर उतरले होते. “तापाने येतं असं कधीकधी. तुम्ही डॉक्टर आहात का? व्हा बाजूला.”

मी ऐकत होतो, मित्रांनो. मला सगळं माहीत होतं. ती नोंद माझ्याच दारावर येऊन डोकं आपटून मेली होती. आणि मला तोंड नव्हतं! त्या क्षणी मला माझा, नंतररावांचा, त्या भिंतीवरच्या पाटीचा, सगळ्या जगाचा इतका संताप आला की काय सांगू.

आई बाजूला झाली नाही. तिने पोरीचा दंड आपल्या दोन्ही हातांनी झाकून घेतला. “आधी मला टोचा,” ती म्हणाली. “त्या सिस्टरना फोन लावा. त्या हो म्हणाल्या तर मी हात काढते.” वॉर्डातले सगळे बघायला लागले. मामा मध्ये पडले, “लावा ना सिस्टर एक फोन, काय जातंय?” शेवटी कडक सिस्टरने रागारागाने फोन लावला. पलीकडून भिंगरीची किंकाळीच ऐकू आली, “देऊ नका! लिहिलंय मी! देऊ नका!”

सिरिंज खाली ठेवली गेली. पोर वाचली. एका इस्त्रीवालीच्या दोन हातांमुळे वाचली. माझ्यामुळे नाही, संगणकामुळे नाही आणि त्या पाटीमुळे तर मुळीच नाही.

आता तुम्हाला वाटेल, सगळे शहाणे झाले असतील. कसले! चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली आणि चौकशीला कोण, तर नंतरराव. सोबत ताई. पंखा जप्त झाला. मामांना दम मिळाला. आणि भिंगरीला टेबलासमोर उभं केलं.

“मी लिहिलं होतं, सर. बटणही दाबलं होतं.”

“मग ते आहे कुठे?” नंतररावांनी भिंतीकडे बोट केलं. “पडद्यावर नाही, म्हणजे तुम्ही लिहिलंच नाही. उगाच खोटं बोलू नका.”

“सर,” ताई म्हणाली, “सत्र संपलं असेल तर लिहिलेलं जातं. मी तुम्हाला तेव्हाच...”

“ते नंतर बघू. आधी यांचं काय ते ठरवू.”

भिंगरीचे डोळे भरून आले, पण ती तिथे रडली नाही. तिची नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. घरात तान्हं पोर, आणि खोटारडी म्हणून घालवलेल्या सिस्टरला दुसरं इस्पितळ उभं करत नाही. नंतरराव त्याच डुगडुगत्या खुर्चीत बसले आणि त्याच संगणकावर तिच्याविरुद्ध अहवाल लिहायला लागले. चांगला लांबलचक. बेजबाबदारपणा, हलगर्जीपणा, कर्तव्यात कसूर. असे शब्द शोधून शोधून घालत होते. निम्मा झाला असेल, तोच मोठ्या साहेबांचा निरोप आला, चहाला या. नंतरराव उठले. चहा, मग बिस्किटं, मग गप्पा. इकडे माऊस निपचित. पंखा तर त्यांनीच जप्त केलेला.

मी दार लावलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी दार लावताना मला बरं वाटलं.

नंतरराव मिश्या पुसत आले. उरलेला अर्धा अहवाल लिहिला. सही ठोकल्यासारखं जोरात बटण दाबलं. पाटी आली. त्यांनी पासवर्ड टाकला. मुखपृष्ठ आलं. त्यांनी अहवाल उघडायला घेतला. नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझा अहवाल कुठे गेला? आत्ता लिहिला मी! दोन तास घालवलेत! कुणी लिहिलंय हे गाढवपणाचं...” आणि पुढे जे ते बोलले, ते भिंगरीने चार वेळा नोंद लिहूनही कधी तोंडातून काढलं नव्हतं.

भिंगरी अजून तिथेच उभी होती, पर्स खांद्याला लावून. ती हळूच म्हणाली, “पडद्यावर नाही, साहेब. म्हणजे तुम्ही लिहिलंच नाही.”

नंतरराव तिच्याकडे बघतच राहिले. मग भिंतीकडे. मग ताईकडे. ती नुसती उभी होती, मान ताठ.

“ते तू मागे म्हणत होतीस ना,” नंतरराव शेवटी म्हणाले, “विचारायचं, जपून ठेवायचं... ते आत्ता कर. आजच्या आज.”

आजच्या आज! माझ्या रागाचं मूळ इथे आहे, मित्रांनो. ताईने ते खरंच त्याच दिवशी केलं. संध्याकाळपर्यंत मला तोंड मिळालं. आता मी दार लावायच्या आधी विचारतो, ‘अजून आहात ना? थांबू का?’ कुणी उत्तर दिलं नाही तर लिहिलेलं जपून ठेवतो, मगच दार लावतो आणि पडदाही झाकतो. तो माणूस परत आला की त्याला थेट त्याच्या अर्ध्या वाक्यापाशी नेऊन सोडतो. एका दिवसाचं काम होतं हे. एका दिवसाचं! सिस्टर चार-चार वेळा लिहीत होत्या तेव्हा ते झालं नाही. लोक पंख्याला माऊस बांधायला लागले तेव्हा झालं नाही. एका लेकराच्या दंडापर्यंत सुई गेली तेव्हासुद्धा झालं नाही. साहेबांचा अहवाल गेला आणि झालं. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणतात. पण पोर भाजेपर्यंत आणि मोठ्यांचं धोतर पेटेपर्यंत वाट पाहायची, ही कुठली रीत?

भिंगरीवरची चौकशी रद्द झाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. ‘चुकलो’ हा शब्द त्यात नव्हता, मी नीट पाहिलं. सूचनाफलकावर मात्र ‘नवीन सुविधा’ म्हणून मोठा कागद लागला आणि त्याखाली नाव कुणाचं? ताईचं नाही. तुम्ही ओळखलंत ते. पोर बरी होऊन घरी गेली. जाताना तिच्या आईने भिंगरीचा परीटघडीचा, कडक इस्त्री केलेला गणवेश आणून दिला आणि काही न बोलता तिचे हात धरून उभी राहिली. दोघीही रडल्या. मला तोंड मिळालं होतं, पण त्या वेळी मीही काही विचारलं नाही.

आता मी जुना झालो आहे. मला काढून नवा कुणी आणणार आहेत म्हणे. आणू देत, मला त्याचं काही नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणीतरी तो नवा टाइमआउट लिहायला बसेल. त्याला मी हात जोडून नाही, डोळे वटारून सांगतो आहे. दार जरूर लावा, ते लावायलाच हवं. पण लावण्याआधी हाक मारा आणि माणसाचं लिहिलेलं उंबऱ्याबाहेर फेकू नका. खुर्ची रिकामी दिसली म्हणजे माणूस काम टाकून गेला, असं धरून चालू नका. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी हाकेला धावलेला असतो.